सोसायटीच्या मीटिंगमधले युक्तिवाद: काहीतरी चुकतंय हे कळतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही

मनीषनगरची सचिव

नमस्कार मंडळी. नागपुरात मनीषनगरला आमची जुनी फ्लॅट स्कीम आहे. चार मजले, सोळा घरं, एक लिफ्ट. यंदा सचिवपद माझ्याकडे आलंय. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचं सामायिक मीटरचं बिल मेंटेनन्समधला मोठा वाटा खातं. म्हणून गच्चीवर सोलर बसवावं असा विषय मी गेल्या मीटिंगमध्ये मांडला. खूप वेळ बोलणं झालं आणि ठराव पुढच्या मीटिंगवर गेला.

विरोध झाला याचं मला वाईट वाटत नाही. पैसे सगळ्यांचे आहेत, शंका यायलाच पाहिजेत. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतोय. जे बोललं जात होतं त्यात काहीतरी चुकतंय हे ऐकतानाच जाणवत होतं, पण ते शब्दांत पकडेपर्यंत विषय पुढे निघून जायचा.

पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या स्कीमनं सोलर लावलं अन् महिन्याभरात त्यांची लिफ्ट बंद पडली. आपल्याले कायले पाहिजे ही झंझट?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता आम्ही कुरड्या-पापड गच्चीवर वाळवायचेच नाही, असं म्हणून राहिल्या का तुम्ही?" मी कुरड्यांचं नावही घेतलं नव्हतं. एक दादा म्हणाले, आज पॅनेल येतील, उद्या मोबाईल टॉवर येईल, परवा गच्चीच भाड्यानं जाईल. कोणाचा तरी भाचा पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, तो म्हणतो सोलर म्हणजे पैसे पाण्यात. खजिनदारांचं म्हणणं, यंदा लिफ्टची दुरुस्ती करा नाहीतर सोलर करा, काय ते एक ठरवा. आणि शेवटी एकजण म्हणाले, "सचिव मॅडमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. पॅनेलच्या सावलीनं त्यांचा स्लॅब थंड राहीन, म्हणून एवढी घाई." सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मला पुढे बोलताच आलं नाही.

आमच्या बाजूनंही एक मुद्दा आला होता. नागपुरात पारा 45 वर जातो, मग एवढ्या तापणाऱ्या गावात वीजही सगळ्यात जास्त होणार. यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला तेही पटलं नाही. का पटलं नाही ते मात्र सांगता येत नाही.

तर विचारायचं हे की अशा चुका त्याच क्षणी ओळखायच्या कशा? आणि ओळखल्यावर बोलायचं काय? काका मला मोठ्या भावासारखे आहेत. घरात कोणी आजारी पडलं की सगळ्यात आधी तेच दारात उभे असतात. त्यांना मीटिंगमध्ये खाली पाहायला लावून मला ठराव जिंकायचा नाही.

वादसभेतला विद्यार्थी

ताई, तुम्ही सांगितलेल्या जवळपास प्रत्येक वाक्याला ठरलेलं नाव आहे. कुरड्यांचा मुद्दा म्हणजे स्ट्रॉ मॅन. तुम्ही न बोललेली गोष्ट तुमच्या तोंडी घालायची आणि तिलाच झोडपायचं. टॉवरचा मुद्दा स्लिपरी स्लोप (एक पाऊल टाकलं की थेट तळाशी घसरणार असं धरणं), खजिनदारांचा फॉल्स डायलेमा (दोनच पर्याय आहेत असं भासवणं), भाच्याचा चुकीच्या तज्ज्ञाचा हवाला आणि तुमच्या फ्लॅटचा ॲड होमिनेम (मुद्दा सोडून माणसावर टीका). लिफ्टच्या मुद्द्यात नंतर घडलं म्हणून त्यामुळेच घडलं असं धरलंय.

मी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांना जातो. तिथे आम्ही ही नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो आणि समोरच्यानं तसं केलं की तिथल्या तिथे नाव घेऊन दाखवतो. तुम्हीही एक कागद सोबत ठेवा. ओळखायची सवय फार लवकर लागते.

महालातल्या बाई

मी ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. वरच्या विद्यार्थ्यानं सांगितलेली नावं बरोबर आहेत आणि पाठ असायला काहीच हरकत नाही. पण सचिवताई, तो कागद मीटिंगला नेऊ नका. स्पर्धेत परीक्षक असतो, नाव घेतलं की गुण मिळतात. सोसायटीत परीक्षक नसतो. काकांना एवढंच ऐकू येईल की ही मला अडाणी म्हणाली. शिवाय नाव घेतल्यानं काहीच तपासलं जात नाही, आणि माझा खरा आक्षेप हाच आहे. "आज पॅनेल, उद्या टॉवर" याला नाव आहे म्हणून ती भीती खोटी ठरत नाही. तुमच्या नियमांत गच्ची भाड्यानं देण्याचा अधिकार कमिटीला एकटीला असेल, तर ती भीती रास्त आहे. त्यासाठी आमसभेची मंजुरी लागत असेल, तर नाही. म्हणजे नियम उघडून वाचावे लागतील. नाव पाठ असलं तरी ते काम टळत नाही.

मी वर्गात एकच सवय लावायचे. कोणी काहीही म्हणालं की त्या बोलण्याचे दोन भाग करायचे: काय सिद्ध करायचंय आणि कारण काय दिलंय. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, पहिल्याला साध्य म्हणतात, दुसऱ्याला हेतू. त्याच शास्त्रावरच्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या छोट्या ग्रंथातलं उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हे टिकतं. आता तेच उलटं करा: डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे. ऐकायला तितकंच खरं वाटतं. पण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा, अग्नी आहे आणि धूर नाही. मग धूर कधी होतो? सरपण ओलं असेल तेव्हा. म्हणजे खरं कारण ओलं सरपण होतं, ते न सांगता अग्नीच्या मागे लपून बसलं होतं. याला उपाधी म्हणतात. रोजच्या वादांतले अर्धेअधिक घोळ मला इथेच सापडलेत: कारण म्हणून जे पुढे केलं जातं ते खऱ्या कारणाच्या सोबत नेहमी दिसतं, म्हणून त्यालाच कारण समजलं जातं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: दिलेलं कारण हजर आहे आणि तरी परिणाम नाही, अशी एखादी जागा आठवते का?

तुमच्याच बाजूच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण आपल्या बाजूचं आपण सगळ्यात कमी तपासतो. साध्य: नागपुरात सोलरची वीज भरपूर होईल. हेतू: इथे खूप तापतं. आता जागा शोधा. मे महिन्यात रात्री नऊला गच्चीवर जा. झळा लागत असतात, पाय पोळतात, पण पॅनेल शून्य वीज देतं. तापमान आहे, वीज नाही. उलट डिसेंबरात स्वेटर घालून फिरावं अशा थंडीत, स्वच्छ ऊन पडलं की पॅनेल छान चालतं. म्हणजे वीज प्रकाशानं होते, तापण्यानं नाही. उन्हाळ्यात दोन्ही एकत्र येतात, म्हणून गफलत होते. तापण्यानं तर नुकसानच होतं. पॅनेलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट होते. भर उन्हात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं तर 12 ते 16 टक्के वीज तिथेच गेली.

आणि तरीही मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडे वीज चांगलीच तयार होते! आकाश निरभ्र असतं, दिवस मोठा असतो. इथे जरा थांबा, कारण शिकलेली माणसंही इथेच घसरतात. कारण चुकीचं निघालं, पण निष्कर्ष बराचसा खरा राहिला. तेव्हा एखाद्याचा युक्तिवाद मोडला म्हणजे त्याचं म्हणणं खोटं ठरलं असं समजू नका. ते सिद्ध झालं नाही, इतकंच कळलं. काकांचा मुद्दा चुकीचा निघाला म्हणून तुमचं सोलर योग्य ठरत नाही. त्याचा हिशेब तुम्हाला वेगळा मांडावाच लागेल.

आता काकांची लिफ्ट. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण कावळा खरंच जड असेल तर? आधी तपासू या. मे 2024 च्या शेवटी आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आठवतं ना? मोबाईलवर तो आकडा घरोघरी फिरला. पण त्याच वेळी इतर काही केंद्रांवर पारा 44 च्या आसपास होता, आणि संवेदकात बिघाड असल्याचं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. तो आकडा घामाच्या धारांनी खोटा ठरला नाही आणि खराही ठरला नसता. शेजारची केंद्रं पाहिली तेव्हा उलगडलं. लिफ्टचंही तसंच करा. सोलर लावलेल्या आणि लिफ्ट असलेल्या आणखी चार-दोन स्कीम जवळपास शोधा. सोलर न लावलेल्या स्कीममध्येही लिफ्ट बंद पडतातच, त्याही धरा. आणि मागच्या गल्लीतल्या लिफ्टच्या मेकॅनिकनं दुरुस्तीच्या नोंदीत काय कारण लिहिलंय ते विचारा. मला वाटतं हे काम काकांनाच द्यावं. त्यांची त्या स्कीममध्ये ओळख आहे म्हणूनच ती बातमी त्यांच्यापर्यंत आली असणार.

वहिनींच्या कुरड्यांवर फार खल नको. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांतून काढून तोच खोडून काढणं, याला न्यायसूत्रात, म्हणजे त्या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, छल म्हटलंय. पण घरातल्या बाईनं हे विचारलं तर मला तरी तो छल वाटत नाही, ती काळजी आहे. गच्चीचा नकाशा काढा, वाळवणाची जागा खडूनं आखून दाखवा. खजिनदारांना दोन्ही कामांचा खर्च आणि शिल्लक निधी एका कागदावर मागा, म्हणजे दोन्ही होतात की एकच हे आपोआप कळेल. भाच्याच्या बाबतीत एवढंच की तज्ज्ञाचं ऐकणं ही चूक नाही. हृदयाच्या दुखण्याला आपण हृदयाच्याच डॉक्टरकडे जातो. त्याला सोलरबद्दल जे ठाऊक आहे ते आकड्यांत लिहून पाठवायला सांगा. कदाचित त्याच्याकडे खरंच काही असेल.

राहिला तुमच्या वरच्या मजल्याचा टोला. तो लागला, कारण त्यात तथ्य आहे. पॅनेलची सावली पडली की स्लॅब कमी तापतो. ते नाकारू नका, लगेच मान्य करा. मांडणाऱ्याच्या स्वार्थावर बोट ठेवणं नेहमीच गैर असतं असंही मी म्हणणार नाही. "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढ्याच आधारावर कोणी काही मागत असेल, तर त्याचा फायदा कुठे आहे हे विचारलंच पाहिजे. पण वीजबिल, कोटेशन, युनिट हे ज्याला त्याला स्वतः पाहून पडताळता येतं, तिथे मांडणारा वरच्या मजल्यावर राहतो की तळमजल्यावर यानं बेरीज बदलत नाही.

जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडत राहणं ही वितंडा. तुमच्या मीटिंगमध्ये तिन्ही एकाच वेळी चालू होते असं दिसतं. कोण कुठला प्रकार करतंय हे ओळखलंत, तर कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाला "मग तुमचा प्रस्ताव काय?" असं विचारायचं हे ठरवता येईल.

हिंगणा रोडचा वायरमन

बाईंनी लय चांगलं समजावून सांगितलं. मी सोलर फिटिंगचंच काम करतो, म्हणून कामाचं तेवढं बोलतो.

लिफ्टचं सांगतो. पॅनेल जोडताना सामायिक बोर्डात कोणी फेज उलटसुलट जोडले, तर लिफ्टच्या कंट्रोलरला ते समजतं अन् लिफ्ट जागेवर थांबते. पण ते त्याच दिवशी होते, महिन्यानं नाही. महिन्यानं व्हायचं असलं तर एखादा जॉइंट ढिला राहिला अन् तापत तापत जळाला, असं होऊ शकते. तसं असलं तर बोर्डात काळपट डाग दिसते. म्हणून काकांनी तिथं जाऊन दोनच गोष्टी विचाराव्या: लिफ्ट नेमकी कधी बंद पडली अन् मेकॅनिकनं काय बदललं. दरवाजाचा सेन्सर नाहीतर वायर रोप बदलला असन, तर सोलरचा काही संबंध नाही. बोर्डातला जॉइंट बदलला असन, तर काकांचं म्हणणं खरं आहे, अन् मग आपण फिटिंगवाल्याकडून पक्कं काम लिहून घ्यायचं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूचे लोक पुढच्या मीटिंगमध्ये नक्की बोलणार: लाइन गेली तरी लिफ्ट सोलरवर चालन. नाही चालत. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरून करंट जाऊ नये म्हणून तसं केलेलं आहे. लाइन नसताना चालवायचं असलं तर बॅटरी अन् त्याच्या जोडीचा इन्व्हर्टर लागते, त्याचा खर्च वेगळा. हे आधीच सांगून टाका. नाहीतर पहिल्यांदा लाइन गेली की लोक म्हणतीन, फसवलं.

जागेचं म्हणाल तर 1 किलोवॅटला 100 चौरस फूट धरा अन् वर्षाची सरासरी रोज 4 युनिट. पावसाळ्यात त्याहून कमी येते. सांगाडा उंच केला तर खालून चालता येते, पण कुरड्यांना ऊन लागते, सावली नाही, म्हणून त्यांच्यासाठी जागा वेगळीच सोडा. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत दर किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. अर्ज करायच्या आधी पोर्टलवर एकदा पाहून घ्या.

मनीषनगरची सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, लाइन गेल्यावर सोलर बंद होतं हे कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. ते मी नोटिशीत ठळक लिहिणार आहे.

बाई, अजून एक विचारते. काकांना हे काम द्या म्हणालात, ते पटलं. पण बोलायचं कसं? "तुम्ही तपासून या" म्हटलं तर त्यांना वाटेल की मी त्यांच्यावर अविश्वास दाखवतेय. आणि समजा त्यांनी येऊन सांगितलं की बोर्डच जळाला होता, तर माझा प्रस्ताव तिथेच संपेल.

महालातल्या बाई

मीटिंगमध्ये बोलू नका, त्याआधी त्यांच्या घरी जा. असं काहीतरी म्हणा: "काका, तुम्ही लिफ्टचं बोललात ते माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडं तसं व्हायला नको. तिथे नेमकं काय झालं होतं ते तुमच्याशिवाय मला कोणी सांगणार नाही." यात एक शब्दही खोटा नाही. तुम्हाला खरंच ते जाणून घ्यायचंय. "तपासून या" म्हणताना आपण वर बसतो आणि ते खाली उभे राहतात. "मला सांगा" म्हटलं की दोघं एका बाजूला येतात. शक्य असेल तर तुम्हीही सोबत जा, म्हणजे पाहिलेलं दोघांचं होईल.

बोर्ड जळाला होता असं कळलं तर प्रस्ताव संपत नाही. तेव्हा फक्त एवढं सिद्ध होतं की वाईट जोडणीनं बोर्ड जळतो. सोलर आहे आणि बोर्ड शाबूत आहे अशी एक जरी स्कीम सापडली, तरी ओलं सरपण कुठलं ते कळेल. मग ठरावात कलम घाला: जोडणीनंतर लिफ्टच्या मेकॅनिकनं बोर्ड पाहून सही केल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. हे कलम काकांनीच मांडावं. आणि अशी एकही स्कीम सापडली नाही, जिथे जिथे सोलर लागलं तिथे तिथे लिफ्ट बिघडली, तर ताई, प्रस्ताव मागे घ्या आणि मीटिंगमध्ये कारणासकट सांगा.

नोटिशीसोबत गेल्या बारा महिन्यांची सामायिक मीटरची बिलं जोडायला विसरू नका. खजिनदारांच्या फाईलमध्ये असतील. जुलै-ऑगस्टची बिलं वगळू नका. ढगांच्या दिवसांत सोलर किती कमी पडेल हे लोकांनी तुमच्याकडूनच आधी ऐकलेलं बरं.

मनीषनगरची सचिव

बिलं आज संध्याकाळी काढते. काकांना फोन केला होता. म्हणाले, मागच्या गल्लीतल्या स्कीमचे अध्यक्ष त्यांच्यासोबत सकाळी फिरायला येतात, उद्या सहा वाजता तूही ये, बोर्ड उघडूनच पाहू. दादा, काळपट डाग नेमके कुठे पाहायचे ते जरा लिहाल का?

हिंगणा रोडचा वायरमन

सोलरची केबल सामायिक बोर्डात जिथं येऊन मिळते, तिथल्या ब्रेकरच्या वरच्या अन् खालच्या टर्मिनलवर पाहा. इन्सुलेशन वितळलेलं असलं तर वासही येते. पण ताई, बोर्ड तुम्ही उघडू नका, त्यांच्या वायरमनला बोलवा. मेन बंद करून त्यानंच उघडावं. अन् मोबाईलवर फोटो काढून इथं टाका, मी सांगतो.